ॲब्रॉड नावाच्या गावाला एसटी जात नाही: एमबीएच्या मुलांना आशियातल्या नोकरीसाठी तयार करताना

नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात मी प्रत्येकाला कोरा कागद देते आणि नोकरी कुठे हवी ते लिहायला सांगते. निम्म्या कागदांवर 'ॲब्रॉड' असतं. जरा जास्त हुशार असतात ते 'एशिया पॅसिफिक' लिहितात. ते सगळे कागद मी परत करते. ॲब्रॉड नावाच्या गावाला एसटी जात नाही. गणपतीपर्यंत मुदत घ्या, पण शहराचं नाव लिहून आणा.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, दहा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी होते आणि आता नऊ वर्षं पुण्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात प्लेसमेंट सांभाळते. आयआयएमच्या मुलांना माझी गरज नाही. माझी मुलं तासगावची, परभणीची, चिपळूणची. त्यांच्या कॉलेजचं नाव सिंगापुरात कुणी ऐकलेलं नसतं. म्हणून तयारी करून घेताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहते: तिकडच्या एचआरच्या बाईला या मुलाला घेणं किती कटकटीचं आहे? भाषा, व्हिसा, तारखा, कागदपत्रं, सगळी कटकट तिच्याच टेबलावर येऊन पडते. ती इथे बसून जेवढी कमी करता येईल तेवढी करायची. मुलाची हुशारी तिला त्यानंतर दिसते.

माझ्यासारखं काम करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. ज्यांच्या कॉलेजात असं काम करणारं कुणी नाही, त्या मुलांनीही वाचावं.

सिंगापूर: आधी गुण मोजा

सिंगापूर सोपं वाटतं. इंग्रजी चालतं, इडली मिळते, पुण्याहून घरचे येऊन जाऊ शकतात. अडतं ते एम्प्लॉयमेंट पासपाशी, म्हणजे तिथे नोकरी करायच्या परवान्यापाशी. हा पास मुलाने मागायचा नसतो, त्याच्या वतीने कंपनी अर्ज करते. २०२५ पासून त्यासाठी महिन्याला किमान ५,६०० सिंगापूर डॉलर पगार लागतो, वित्तीय क्षेत्रात ६,२००. ही रक्कम अगदी तरुण उमेदवाराची, वय वाढेल तशी तीही वाढते. पगाराची अट पार केली की सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेली कॉम्पास नावाची गुणपद्धत समोर येते, आणि तिथे ४० गुण मिळवावे लागतात.

ही पद्धत मी फळ्यावर मांडून दाखवते, कारण ऐकून ती कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. मुख्य रकाने चार: पगार, पदवी, कंपनीत तुमच्या देशाचे लोक किती, आणि कंपनी स्थानिकांना किती नोकऱ्या देते. प्रत्येक रकान्यात शून्य, १० किंवा २० गुण. पगाराची तुलना त्या क्षेत्रातल्या स्थानिक लोकांच्या पगाराशी होते. नव्याने लागणाऱ्याला तिथे बहुधा शून्यच धरायचं. पदवीचे २० गुण नामांकित विद्यापीठांना, आपल्याला १०. म्हणजे आपला मुलगा हातात १० गुण घेऊन उभा आहे. उरलेले ३० कंपनीकडून यायचे.

गंमत इथे आहे. कंपनीतल्या व्यवस्थापक-तंत्रज्ञ श्रेणीच्या लोकांत भारतीय २५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील, तर तिसऱ्या रकान्यात शून्य. मग चौथ्यात पूर्ण २० मिळाले तरी बेरीज ३०. पास नाही. तेच भारतीय पाच टक्क्यांहून कमी असतील तर तिसऱ्यात २०, चौथ्यात १० धरले तरी ४०. मुलगा तोच, पगार तोच. ज्या कंपनीत आपली माणसं भरपूर तिथे आधी अर्ज टाकायचा, ही आपली पिढीजात सवय. मामा आहे तिथे चिकटायचं. सिंगापुरात ही सवय उलटी पडते. तिथे जपानी ट्रेडिंग कंपनी, युरोपातली लॉजिस्टिक्स कंपनी, स्थानिक चिनी कुटुंबाचा खाद्यपदार्थांचा धंदा, अशा जागा शोधायच्या, जिथे दारातून आत जाणारा आपला मुलगा पहिला किंवा दुसरा असेल.

छोट्या कंपनीचा हिशेब वेगळा. या श्रेणीतले लोक २५ पेक्षा कमी असतील तर तिसऱ्या-चौथ्या रकान्यात आपोआप दहा-दहा मिळतात. मग पदवीचे १० धरून ३० होतात आणि उरलेले १० पगारातून काढावे लागतात. थोडक्यात, छोटी कंपनी हवी असेल तर पगार जास्त मागावा लागतो. हे ऐकून मुलं चक्रावतात, पण गणित तसंच आहे. नुसता किमान पगार देणाऱ्या छोट्या कंपनीच्या होकारावर पेढे वाटू नका. कमतरता असलेल्या कामांच्या यादीत तुमचं काम असेल तर बोनस गुण मिळतात. ती यादी आणि अर्जाआधीच अंदाज सांगणारं साधन, दोन्ही तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

मुलांना दिलेला गृहपाठ: दहा कंपन्या निवडा, लिंक्डइनवर त्यांच्या सिंगापूरच्या लोकांची यादी उघडा, कोण कुठे शिकलंय ते बघा. अंदाजच येतो, पण पुरतो. आणि अशा जागेची जाहिरात कंपनीला आधी मायकरिअर्सफ्युचर या सरकारी संकेतस्थळावर किमान १४ दिवस द्यावी लागते, अगदी छोट्या कंपन्या आणि फार मोठे पगार सोडून. तेव्हा ते संकेतस्थळ रोज चाळा. एखाद्या कंपनीला कसली माणसं हवीत, ती कुठल्या शब्दांत मागते आणि पगार किती लावते, ते तिथे दिसतं.

दोन बारक्या गोष्टी, पण मुलं हमखास चुकतात. पगाराचा आकडा महिन्याचा सांगायचा. 'एक्स्पेक्टेड सीटीसी किती' याला लाखात उत्तर दिलं की पलीकडे शांतता पसरते. आणि बायोडाटात वडिलांचं नाव, जात, धर्म, लग्न झालंय का, फोटो, यातलं काहीही नको. 'मी वरील माहिती खरी असल्याचे जाहीर करतो' ही शेवटची ओळही नको.

जपान: इथे मराठीचा उपयोग होतो

सिंगापूर हिशेबाने सुटतं, जपानला वेळ द्यावा लागतो. पहिल्या सत्रात सुरुवात केली नाही तर जपानचं नाव काढू नका.

भाषेची भीती मात्र फुकटची आहे. 'मी भात खातो' हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि खाली 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु'. कर्ता, कर्म, क्रियापद, क्रम तोच. आपल्या ला, ने, त सारखेच त्यांचेही प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. इंग्रजीतून जपानी शिकवणारी पुस्तकं हे समजावण्यात पानंच्या पानं घालवतात, आमच्या पोरांना ते एका तासात कळतं. म्हणून मी सांगते, शिकताना मनात मराठीतून भाषांतर करा, इंग्रजीला मध्ये घेऊ नका. घाम निघतो तो कांजीत, म्हणजे त्यांच्या चिनी चित्राक्षरांत. तिथे रोजची अर्धा तास घोटाई, दुसरा इलाज नाही.

जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये. पायऱ्या पाच, एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड. पुण्यात केंद्र आहे. शून्यापासून सुरुवात केलेल्याने पहिल्या डिसेंबरला एन५, जुलैला एन४ आणि दुसऱ्या डिसेंबरला एन३ गाठला तर मी खूश असते. एन२ साठी एकूण १८० पैकी ९० लागतात आणि प्रत्येक भागात किमान १९. एमबीए करता करता शून्यातून दोन वर्षांत एन२ होईल असं कुणी क्लासवाला सांगत असेल तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा. अकरावी-बारावीपासून शिकणाऱ्याची गोष्ट वेगळी. आणखी एक, या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत. लिहिणंही नाही, नुसते गोळे रंगवायचे. त्यामुळे एन३ पास झालेली मुलगी मुलाखतीत 'हाय, हाय', म्हणजे नुसतं 'हो, हो' करत बसू शकते. म्हणून दर शनिवारी सकाळी साडेसहाला मी ऑनलाइन बोलण्याचा तास घेते. वेळ मुद्दाम ती. तोक्यो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथल्या दहाच्या मुलाखतीला इथे साडेसहा वाजतात. हॉस्टेलचं वायफाय त्या वेळी चालतं का, खोलीतला दुसरा मुलगा घोरतो का, हे मुलाखतीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

वेळापत्रक गुंतागुंतीचं आहे. जपानी कंपन्या नव्या पदवीधरांची मोठी भरती एकदाच करतात आणि सगळे १ एप्रिलला रुजू होतात. होकार त्याच्या कितीतरी महिने आधी ठरतात, औपचारिक होकार आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून. आपला निकाल लागतो जून-जुलैला. म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यात पास होणारा मुलगा रांगेतून जायचं म्हटलं तर २०२८ च्या एप्रिलला लागणार. काही कंपन्या ऑक्टोबरमध्येही घेतात, त्या शोधून काढाव्या लागतात. मधल्या महिन्यांसाठी मी मुलांना सरळ चाकण, तळेगाव, रांजणगावच्या जपानी कंपन्यांत पाठवते, खरेदी विभागात नाहीतर नियोजनात. खरं सांगायचं तर एन३ वर थांबलेल्या मुलासाठी हाच रस्ता मला जास्त बरा वाटतो: दोन-तीन वर्षं इथे काम, त्यांच्या माणसांशी रोजचा संबंध, मग त्याच कंपनीतून तिकडे. घरचे म्हणतात, 'एवढं जपानी शिकून चाकणच?' त्यांना समजावण्यात माझी बरीच ताकद जाते.

अर्जाचा कागद म्हणजे रिरेकिशो. हा सिंगापूरच्या अगदी उलट: ठरलेला नमुना, ठरलेले रकाने, फोटो हवा, जन्मतारीख हवी, शिक्षणाची ओळ न् ओळ तारीखवार. हाताने लिहायला सांगितलं असेल तर खाडाखोड झाली की नवा कागद घ्यायचा, व्हाइटनर चालत नाही. शिक्षणात एखादं वर्ष गेलं असेल तर लपवू नका, कारण ते विचारणारच.

मुलाखतीत एक प्रश्न येतोच. त्याला तिकडची मुलं 'गाकुचिका' म्हणतात: विद्यार्थी असताना कशात जीव ओतलात? आमची मुलं इथे 'मी इव्हेंट कोऑर्डिनेटर होतो, पाचशे लोक आले' सुरू करतात. तासगावकडच्या एका मुलीने माझ्यासमोर असंच फेस्टिव्हलचं तुणतुणं लावलं होतं. मी तिला विचारलं, सुट्टीत घरी गेल्यावर काय करतेस? म्हणाली, काही नाही, पप्पांच्या बेदाण्याच्या वह्या लिहिते. बॉक्स भरताना किती वजन होतं, कोल्ड स्टोरेजमधून काढताना किती, विकताना किती भरलं. तीन हंगामांच्या वह्या तिच्याकडे होत्या. तूट कुठल्या टप्प्यावर जास्त येते ते तिने शोधलं होतं आणि वडिलांना पटवून वजनकाटा बदलायला लावला होता. वडील तयार व्हायला एक अख्खा हंगाम गेला. 'हे सांगायचं असतं का मॅडम?' हेच सांगायचं असतं! तुमचा आकडा किती मोठा याच्याशी त्यांना घेणं नाही. अडलं कुठे, तेव्हा तू काय केलंस, कुणाला कसं पटवलंस, ते त्यांना हवं. आम्ही ते उत्तर आधी मराठीत नीट बसवलं, मग जपानीत, दीड मिनिटाचं. मुलाखत घेणाऱ्याने तिला वजनकाट्याबद्दल चार उपप्रश्न विचारले. फेस्टिव्हलबद्दल कुणी एक विचारला नाही.

बोलण्याच्या रीतीत दोन खड्डे आहेत. पहिला: बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या साहेबांना मान द्यायचा नाही. ग्राहकाचा फोन आला आणि तानाका साहेब जागेवर नसतील तर 'तानाका-सान नाहीत' म्हणायचं नाही, नुसतं 'तानाका'. घरचं माणूस बाहेरच्यापुढे लहान करायचं. आपल्या जिभेला हे जमत नाही, आपण शेजाऱ्यालाही 'आमचे साहेब आले नाहीत' सांगतो. हा फोनचा खेळ मी जोड्या करून दहादा घेते.

दुसऱ्या खड्ड्यात मी स्वतः पडले आहे. चाकणला पहिल्या वर्षी एका बैठकीत भोसरीच्या पुरवठादाराने नव्या दराचं पत्रक ठेवलं. जपानी व्यवस्थापक गंभीरपणे म्हणाले, 'केन्तो शिमासु.' शब्दशः, विचार करतो. मी पुरवठादाराला मोठ्या उत्साहाने सांगितलं, ते मनावर घेतायत, होईल. त्याने माल भरून ठेवला. 'केन्तो शिमासु' म्हणजे बहुतेक वेळा आपलं 'बघू'. स्थळ बघून परतताना पाहुणे 'कळवतो' म्हणतात ना, ते. मराठी माणसाला हे न कळायला काहीच कारण नव्हतं, पण जपानी बोलताना मी मराठी कान घरी ठेवून गेले होते. नुकसान त्याचं झालं, शिव्या मी खाल्ल्या, आणि त्या रास्त होत्या.

तिकडच्या कार्यालयात 'होरेन्सो' हा मंत्र आहे: कळवणं, सांगणं, सल्ला घेणं या तीन शब्दांची आद्याक्षरं. शब्दाचा दुसरा अर्थ पालक, भाजीचा. शिकवून हे येत नाही, सवयीने येतं. उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये प्रत्येकाने रोज संध्याकाळी सहाला मला तीन ओळी पाठवायच्या: आज काय झालं, कुठे अडलं, उद्या काय. 'सगळं ठीक' असं सलग तीन दिवस आलं की मी फोन करते. आपली मुलं अडचण शेवटच्या दिवसापर्यंत पोटात ठेवतात, कारण लहानपणापासून अडचण सांगितली की ओरडा मिळालेला असतो.

व्हिजिटिंग कार्ड देण्याचा सराव आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून करतो. उभं राहून, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला सुलट दिसतील अशी. मिळालेलं कार्ड मागच्या खिशात कोंबायचं नाही, बैठक संपेपर्यंत टेबलावर, लोक बसलेत त्या क्रमाने. दोन दिवसांत जमतं.

पैशाचं एकच सांगून ठेवते. तिथला रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर, पुढच्या जूनपासून कापतात. म्हणजे पहिल्या वर्षी हातात जास्त येतं आणि दुसऱ्या वर्षी पगार कमी झाल्यासारखा वाटतो. घरी किती पाठवणार हा शब्द पहिल्या वर्षाच्या आकड्यावर देऊ नका.

दुबई, थोडक्यात

दुबई आशियातच आहे हे सांगितलं की वर्ग हसतो, पण माझी बरीच मुलं तिकडेच लागतात. भाषेची अडचण नाही, वाट माहितीची. ऑफर लेटरमध्ये एकच आकडा बघा: मूळ पगार किती. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्यावरच मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. एकूण रक्कम मोठी आणि मूळ पगार चिमूटभर, असं पत्र आलं तर बोलून घ्या. आणि व्हिजिट व्हिसावर जाऊन काम सुरू करायचं नाही, कुणीही काहीही सांगो.

एजंट आणि कागद

परभणीच्या एका मुलाच्या वडिलांनी शेत गहाण टाकून एका एजंटला एक लाख ऐंशी हजार दिले. 'सिंगापूरला मॅनेजरची पोस्ट.' हातात आलं ते पर्यटक व्हिसाचं तिकीट. मला कळलं तेव्हा पैसे गेलेले होते. त्यानंतर मी पालकसभेत हे सांगतेच: परदेशी नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा. त्याचं नाव ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसायला हवं, आणि त्याला सेवेचे जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात. पावती मागा. सिंगापूरचं मंजुरीपत्र खरं आहे का, ते तिथल्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पडताळता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

पासपोर्ट पहिल्या सत्रात काढा. पदवीच्या कागदांवर जपान-सिंगापूरसाठी लागलीच तर ॲपोस्टिलची, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर चालते. यूएईसाठी त्यांच्या दूतावासाची मोहोर लागते, तिला वेळ जातो.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आईचं नाव कधी शेवटी, कधी वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळं, बाकी एकत्र. लिंक्डइनवर भलतंच, आधारवर एक अक्षर कमी. पदवीची पडताळणी करणारी परदेशी कंपनी आईचं नाव आडनाव समजते आणि अशी व्यक्ती विद्यापीठात नाही असं कळवून मोकळी होते. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. जे जुळत नाही त्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा.

जपानला जाणाऱ्यांचं नाव काताकाना लिपीतही लिहावं लागतं, आणि त्यात आपला 'ळ' नाही. काळे आडनावाच्या एका मुलाने ते तिथल्या एचआरवर सोडलं. त्यांनी आपल्या मनाने जे लिहिलं त्याचा उच्चार 'कारे' आणि अर्थ भाताबरोबर खातात ती करी. दोनशे कार्डं छापून झाली होती. आता तिसऱ्या सत्रातच मी प्रत्येकाचं नाव काताकानात लिहून घेते आणि शनिवारच्या तासाला जपानी येणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घेते.